कुचकेपणाचा बडग्या

शब्दाचा अर्थ सांगितला म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागावी, असे शब्द मराठीत फार नसतील. मनोहरराव लांजेवारांनी नेमका तसला एक निवडला. तोही भर सभेत, उभे राहून, कोणी विचारलेले नसताना.

सभा होती सहजीवन ले-आउट या वसाहतीच्या बडग्याची. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे बाईचा भला मोठा पुतळा, मिरवत निघते. गावातली रोगराई, भांडणे, वाईटसाईट सगळे पोटात घेऊन ती जाते आणि तिच्या मागून बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, कागद आणि जुन्या कपड्यांचा पुतळा. ज्या गोष्टीचा त्या वर्षी राग असेल तिचा बडग्या करायचा, मिरवायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडायचे आणि शेवटी जाळून टाकायचा. महाल भागातले बडगे मोठे, त्यांना गर्दी मोठी. सहजीवनचा बडग्या त्या मानाने घरगुती असतो. तो फाटकापासून निघतो, चार गल्ल्या फिरतो आणि नाल्याकाठच्या रिकाम्या प्लॉटवर जळतो.

सभेचे अध्यक्ष होते धम्मानंद गजभिये. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, त्यामुळे सभासुद्धा भोंगा वाजल्यासारखी सुरू करत आणि भोंगा वाजल्यासारखी संपवत.

"खड्डे मागच्या साली झाले, डेंग्यू त्याच्या आधी झाला," ते म्हणाले. "यंदा कशाचा करायचा ते पटापट सांगा. मले सेकंड शिफ्टले जायचं आहे."

कोणी मोबाइल म्हणाले, कोणी ऑनलाइन फसवणूक, कोणी गल्लीतली कुत्री. कुत्र्यांवर कुत्रेवाल्यांनी हरकत घेतली. तेव्हा मनोहरराव उठले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "कुचकेपणा."

मांडवातली एकेक मान हळूहळू वळली. प्रत्येकाने कोणाकडे तरी पाहिले आणि प्रत्येकाला ते पटले. सहजीवनच्या इतिहासात पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत एकही ठराव एकमताने झालेला नव्हता. हा झाला.

"पण काका, कुचकेपणा म्हणजे एक्झॅक्ट काय?" धम्मानंदांची मुलगी नूपुर विचारू लागली. ती आर्ट कॉलेजात शिकते आणि दरवर्षी बडग्या तीच करते. "मले त्याचा चेहरा बनवायचा आहे ना."

"पाटी लावू गळ्यात," मनोहरराव म्हणाले. "अर्थ आणि वाक्यात उपयोग. मी लिहून देतो."

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, म्हणजे मनोहररावांविषयी कोणाचा उगाच आदर वाढायचा नाही. त्यांना समाजातला कुचकेपणा वगैरे जाळायचा नव्हता. त्यांना शेजारचे गणपतराव वैरागडे बडग्यापुढे उभे राहून पाटी वाचताना पाहायचे होते. बस्स, एवढेच.

गणपतरावांच्या अंगणात मुनगा आहे, म्हणजे पुण्यामुंबईकडचा शेवगा. बावीस वर्षे त्या झाडाची पहिली जुडी कुंपणावरून लांजेवारांच्या घरी येत असे. बावीस वर्षे हे दोघे सकाळी सहाला फिरायला जात आणि येताना टपरीवर चहा पीत. यंदाच्या मार्चमध्ये गणपतरावांनी शेंगा ले-आउटमधल्या छत्तीस घरी स्वतः नेऊन दिल्या. ले-आउटमध्ये, गणपतरावांचे धरून, घरे आहेत अडतीस. सदतिसाव्या घराच्या व्हरांड्यात मनोहरराव पेपर उलटा धरून बसले होते आणि समोरून पिशवी जाताना बघत होते. दुसऱ्या दिवशी सहाला ते फिरायला गेले नाहीत. गणपतरावांनीही हाक मारली नाही. तेव्हापासून सहा महिने दोघे एकेकटे, एक उजवीकडून, एक डावीकडून, त्याच बागेला फेऱ्या घालतात आणि समोरासमोर आले की दोघांच्याही बुटाची नाडी सुटते. मनोहररावांना त्या चहाची भयंकर आठवण येई. पण शेंगा कोणी वगळल्या होत्या? त्यांनी नव्हे.

तर मनोहरराव लिहायला बसले. चौतीस वर्षे सरकारी कचेरीत त्यांनी मसुदे लिहिले होते आणि साधा रजेचा अर्जही त्यांच्या हातून संदर्भाशिवाय गेला नव्हता. त्यांनी लिहिले: 'कुचकेपणा: समोरच्याचे फार काही बिघडू नये, पण त्याचा दिवस मात्र नासावा, अशा माफक अपेक्षेने केलेली दुष्टाई.' खाली टीप जोडली. द्वेषाला ताकद लागते, मत्सराला निदान समोरच्याचे काहीतरी चांगले चाललेले असावे लागते, खुन्नस धरायला स्मरणशक्ती लागते. कुचकेपणाला यातले काहीही लागत नाही, थोडी फुरसत पुरते.

त्याखाली वाक्यात उपयोग. पहिले वाक्य सहा महिने तयारच होते: 'झाडाच्या शेंगा साऱ्या वस्तीला वाटून एकच घर वगळणे, हा कुचकेपणा होय.' पण एकच उदाहरण दिले तर रोख उघडा पडेल, म्हणून त्यांनी आणखी तीन मनाने रचली. सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, कृती सांगताना खसखस मुद्दाम न सांगणे. उन्हाळ्यात कूलरचे पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडणे. आणि कोणी नवी गाडी दाखवली की 'आमच्या साडूची हीच होती, विकून टाकली' असे म्हणणे. मग फोटो काढून त्यांनी तो कागद ले-आउटच्या ग्रुपवर टाकला आणि गणपतरावांच्या उत्तराची वाट बघत बसले.

गणपतरावांचे उत्तर अर्ध्या मिनिटात आले. एक अंगठा, आणि खाली: 'छान लिहिलं.'

मनोहरराव तो अंगठा जेवण थंड होईस्तोवर बघत राहिले. रोख लागला नव्हता म्हणावे, तर माणूस मठ्ठ नव्हता. लागला असूनही अंगठा दिला म्हणावे, तर हा कुचकेपणाचा पाचवा प्रकार झाला. ते विचार करत असतानाच दारावर थाप पडली.

यमुताई कडू आल्या होत्या. समोरच्या घरच्या, ले-आउटच्या महिला मंडळाच्या आधारस्तंभ.

"मनोहरभाऊ, खसखशीचं तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणी नाही हो, ते काल्पनिक आहे."

"काल्पनिक? मी बाजूच्या भावनाले वडी सांगितली तवा खसखस घरात नव्हती म्हणून इसरली. इसरली मी! आता सारा ले-आउट माह्याकडे पाहून राहिला." त्या खुर्चीवर बसल्या, आवाज खाली आणला आणि पुढे झुकल्या. "ते काढा. त्याच्याहून चांगलं देतो मी. माझं नाव सांगू नका, पण खरा कुचकेपणा पाहायचा असंन, तर जिन्याखाली सायकल कोण आडवी लावते ते पाहा."

त्यांच्या मागोमाग धम्मानंद आले. कूलर त्यांचा होता. त्यांनी पाइपची दिशा, उतार आणि महापालिकेच्या नालीची खोली यांविषयी अर्धा तास तांत्रिक खुलासा केला आणि जाताजाता, आपले नाव येऊ नये या अटीवर, दोन उदाहरणे देऊन गेले. साडूवाले तर चौघे निघाले. चौघांनाही आपापले साडू होते आणि चौघांच्याही साडूंनी तीच गाडी विकली होती.

मनोहररावांनी एक खुलासा ग्रुपवर टाकला, की उदाहरणांचा कोणाही जिवंत व्यक्तीशी संबंध नाही. त्यावर ज्यांना आतापर्यंत शंका नव्हती त्यांनाही खात्री पटली. चार दिवस घरी रीघ लागली. प्रत्येक जण स्वतःचे वाक्य काढायला येई आणि दुसऱ्याचे देऊन जाई. सुभद्राबाईंनी, म्हणजे मनोहररावांच्या पत्नीने, चहाचे मोठे पातेले चुलीवरून उतरवणेच सोडले.

इतकी आवक झाल्यावर मनोहररावांच्या हाताला राहवेना. त्यांनी नवी नोंदवही काढून रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, उदाहरण, कोणाकडून प्राप्त, कोणाविषयी. सेवानिवृत्तीनंतर इतके सुख त्यांना झाले नव्हते. चार दिवसांत चाळीस उदाहरणे जमली. मात्र वैरागडे यांच्या घरून एकही आले नाही.

नूपुरचे त्याहून वाईट चालले होते. तिने केलेले नाक तीन जणांनी ओळखले. ती म्हणाली, मी बांबूच्या मापाने केले. तिघेही म्हणाले, नाक आमचे आहे. शेवटी तिने नाकच काढून टाकले. बडग्या आता कोणासारखा दिसत नव्हता, सर्दी झाल्यासारखा मात्र दिसत होता.

मग परवानगीचे आले. मनोहरराव अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथे मारबतीच्या बंदोबस्तात मुरलेले एक हवालदार बसले होते.

"बडग्या कोणाचा?"

"कुचकेपणाचा."

"ते ठीक आहे. नाव काय त्याचं?"

"नाव नाही. तो कोणाचाच नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "काकाजी, वीस वर्षं झाली मले. कोणाचाच नाही असा बडग्या नागपुरात निघत नाही. तुम्ही असं करा, लिहून आणा. शब्दाचा अर्थ काय, कोणत्या कोणत्या बाबतीत लागू. उदाहरणं जोडा. उद्या कोणी म्हणलं की हा माह्यावर आहे, तर आमच्याजवळ कागद पाह्यजे."

इतर कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. मनोहररावांना भरून आले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका सरकारी कचेरीने त्यांना लेखी खुलासा मागितला होता. ते जवळजवळ पळतच घरी आले. दोन पानी निवेदन केले, परिशिष्ट अ म्हणून नोंदवहीची सगळी पाने जोडली आणि शेवटी, चौतीस वर्षे ज्या ओळीने त्यांचे प्रत्येक पत्र संपले ती ओळ हाताने आपोआप लिहिली: 'प्रत माहितीसाठी सविनय सादर: सर्व भूखंडधारक, सहजीवन ले-आउट.'

आणि ओळ लिहिली म्हणजे प्रत गेली पाहिजे. त्यांनी सदतीस प्रती काढल्या, पिना मारल्या आणि घरोघरच्या पत्रपेटीत स्वतःच्या हाताने टाकल्या. त्याला पाऊण तास लागला. सदतीस पेट्यांपुढे ते थांबले आणि एकाही पेटीपुढे त्यांना असे वाटले नाही, की या कागदात कोणी कोणाविषयी काय सांगितले तेसुद्धा लिहिले आहे.

संध्याकाळपर्यंत ले-आउटमध्ये कोणी कोणाशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलत होते, पण गच्चीवरून. भावनाने यमुताईंची चाळणी परत पाठवली. धम्मानंदांनी कूलरचा पाइप आणि अध्यक्षपद दोन्ही काढून टाकण्याची धमकी दिली. ज्यांची नावे 'कोणाविषयी' रकान्यात होती ते चिडले, आणि ज्यांची 'कोणाकडून' रकान्यात होती ते त्याहून चिडले. जवळजवळ सगळ्यांची दोन्हीकडे होती.

"मले शिव्या द्या, पण मी फक्त नोंद केली," मनोहरराव दारात उभे राहून सांगत होते. एवढ्यात त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली. गणपतराव अंगणात खुर्ची टाकून परिशिष्ट वाचत होते. एका पानावर ते थांबले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून मनोहररावांकडे सरळ पाहिले. मग कागद घेऊन आत गेले.

मनोहररावांनी घाईने आपली प्रत उघडली. चाळीसच नोंदी त्यांना माहीत होत्या. एकेचाळिसावी सुभद्राबाईंच्या अक्षरात होती. 'फेब्रुवारीत काजलच्या लग्नाची पत्रिका लाल शाईने तपासून मुलीच्या बापाला परत पाठवणे. कोणाकडून: स्वतः. कोणाविषयी: आमचे हे.'

"हे काय लिहून ठेवलं वं?" ते स्वयंपाकघरात जाऊन ओरडले.

"तुम्ही ठाण्यात गेले होते, वही उघडी होती," सुभद्राबाई पोळी उलटत म्हणाल्या. "मले वाटलं, इतक्या लोकांचं आलं, आपल्या घरचंही एक असावं."

"तो कुचकेपणा नव्हता! पत्रिकेत चुका होत्या. सतरा! गणपतची पोरगी म्हणजे आपली पोरगी, म्हणून तपासून दिल्या मी."

"हो ना. अन् खाली स्वागतोत्सुकांच्या यादीत सगळ्या ले-आउटची नावं होती, तुमचंच नव्हतं. ती चूक नाही दाखवली तुम्ही. बाकी सतरा दाखवल्या."

लाल पेन शोधायला त्या दिवशी त्यांना तीन खण उपसावे लागले होते, हे त्यांना आठवले. पत्रिका पाकिटात घालताना आपण गालातल्या गालात हसलो होतो, हेही आठवले. समोरच्याचे फार काही बिघडू नये, पण दिवस नासावा. व्याख्या अगदी बरोबर उतरली होती. त्यांना त्यांच्याच मसुद्याची लाज वाटली, आणि चौतीस वर्षांत तसे कधी झाले नव्हते.

मारबतीच्या सकाळी सगळे आले. न येणे म्हणजे कबुली, हे प्रत्येकाच्या लक्षात आले होते. दोन माणसांमध्ये तिसरा माणूस मावेल इतके अंतर ठेवून अख्खा ले-आउट बिननाकाच्या बडग्यामागे चालू लागला. पाटीवर आता फक्त शब्द होता. अर्थ कोणालाच नको होता.

धम्मानंदांनी माइक मनोहररावांच्या हातात कोंबला. "तुम्ही सुरू केलं, तुम्हीच ओरडा."

"रोगराई..." मनोहरराव ओरडले.

"घेऊन जा गे मारबत," चारपाच जण पुटपुटले.

"खड्डे... डास... महागाई..." प्रतिसाद आणखी बारीक झाला. तेवढ्यात मिरवणूक वैरागड्यांच्या फाटकाशी आली. गणपतराव फाटकाच्या आत हात मागे बांधून उभे होते. मनोहररावांचे पाय थांबले, त्यामुळे बडग्या थांबला, त्यामुळे सगळे थांबले.

"लाल शाईनं तपासलेली पोरीच्या लग्नाची पत्रिका..." ते म्हणाले.

मागून सुभद्राबाईंचा खणखणीत आवाज आला, "घेऊन जा गे मारबत!"

गणपतरावांनी कडी काढली. बाहेर आले. माइक घेतला नाही, त्यांना लागतही नाही. "अन् मोजून छत्तीस घरी वाटलेल्या मुनग्याच्या शेंगा..."

"घेऊन जा गे मारबत!" या वेळी बरेच जण होते.

"न सांगितलेली खसखस!" यमुताई एकदम किंचाळल्या. "इसरली नव्हती मी, दाबली होती!" भावना इतकी हसली की तिला धरावे लागले. मग धम्मानंदांनी कूलरचा पाइप दिला, चारही साडूवाल्यांनी एकसुरात गाडी दिली, आणि माइकसाठी रांग लागली. परिशिष्टात नव्हते असे कितीतरी निघाले. बंदोबस्ताला आलेल्या त्या हवालदारांनीही शेवटी टोपी काखेत धरून माइक मागितला आणि जोडीदार हवालदाराचा खणात दाबून ठेवलेला सुट्टीचा अर्ज देऊन टाकला. चार गल्ल्यांना अडीच तास लागले. धम्मानंदांनी आयुष्यात पहिल्यांदा शिफ्ट चुकवली.

नाल्याकाठी बडग्या पेटला. लोक हसत, एकमेकांना टाळ्या देत पांगले. ज्वाळेपाशी दोघेच उरले.

"पत्रिकेत तुहं नाव नव्हतं, ते प्रेसवाल्याची चूक नव्हती," गणपतराव जाळाकडे बघत म्हणाले. "मीच कापलं."

"माहीत आहे मले."

"काहून कापलं, ते माहीत आहे?"

"नाही."

"तुह्या रिटायरमेंटचं भाषण. साहेबाचं नाव घेतलं तू. शिपायाचं घेतलं, लिफ्टवाल्याचं घेतलं. चहावाल्याच्या बापाचंही घेतलं. मी पहिल्या लाइनीत बसलो होतो गा. नवा शर्ट शिवून." त्यांनी एक जळका बांबू पायाने जाळात सारला. "अन् तू खाली बसला."

सहा महिने ज्याची सुरुवात मनोहरराव शेंगांत शोधत होते, ती दोन वर्षांपूर्वीच्या त्या भाषणात होती.

"शेवटी होतं, गणपत," ते म्हणाले.

"काय?"

"तुहं नाव. कागदावर शेवटी होतं. तिथवर आलो अन् गळाच दाटला. पुढचं बोलताच आलं नाही. म्हणून बसलो खाली. मले वाटलं, तुले समजलं असंन."

गणपतरावांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "कागद दाखव."

दुसऱ्या कोणाला या अविश्वासाचा अपमान वाटला असता. मनोहररावांना ही मागणी अगदी रीतसर वाटली. ते घरी गेले, 'सेवानिवृत्ती, संकीर्ण' ही फाइल काढली आणि चार मिनिटांत परत आले. गणपतराव राखेपाशी तसेच उभे होते. त्यांनी चष्मा लावला, दोन पाने ओलांडली आणि शेवटच्या ओळीवर आले. तिथे लिहिले होते: 'आणि गणपत. याच्याविषयी काय सांगायचे ते उभा राहिल्यावर सुचेल.'

त्यांनी ओळ वाचली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा वाचली. मग कागदाची चौघडी करून तो स्वतःच्या वरच्या खिशात ठेवला.

"झेरॉक्स काढून देतो तुले," ते म्हणाले.

"अरे, मूळ प्रत आहे ती!" मनोहररावांचा हात सवयीने पुढे झाला.

"मंग?"

कचेरीतून चौतीस वर्षांत मनोहररावांनी एकही मूळ प्रत कोणाला नेऊ दिली नव्हती. मंत्र्याच्या माणसालाही नाही. त्यांनी गणपतरावांच्या खिशाकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले.